न घेतलेली भाकर

त्या सकाळी धुकं इतकं खाली उतरलं होतं की कुरणातल्या गाईंचे पाय दिसत नव्हते, नुसत्या पाठी पाण्यावर तरंगत असल्यासारख्या दिसत होत्या. ऑगस्ट सरत आला होता, चर तुडुंब भरले होते, आणि बटाट्याच्या कोठारात ओल्या लोकरीचा आणि डांबरगोळ्यांचा वास कोंडला होता. आम्ही बायका कपडे निवडत होतो. बाजारातून केळ्यांचे रिकामे खोके उचलून आणायचे, त्यांत कपडे दाबून भरायचे, सुतळीनं बांधायचे. संध्याकाळच्या आत माझ्या नवऱ्याचा, बास्तियानचा, ट्रक भरायचा होता. रोमानियात सालाश नावाचं गाव आहे, हंगेरियन बोलणाऱ्या लोकांचं, आमच्यासारख्याच रिफॉर्म्ड पंथाच्या ख्रिस्ती मंडळीचं. तिकडचं सरकार पडलं आणि रस्ते उघडले, तेव्हापासून आमचं ओटरडाईक गाव दर हिवाळ्याआधी त्या गावाला कपडे पाठवत होतं.

निवडणाऱ्यांची म्होरकी डिर्क्येकाकू. साठी ओलांडलेली, हाडापेरानं रुंद, पायात लाकडी जोडे, आणि नजर अशी की कोटानं स्वतःहून अस्तर उलटून दाखवावं.

"ह्यो कुणी टाकलाय खोक्यात?" तिनं एक करडा कोट उंच धरला. "अस्तर बघा ह्याचं. कुत्र्यानं फाडल्यागत."

"गरिबाला काय अस्तर दिसतंय, काकू?" कुणीतरी म्हणालं.

"गरिबालाच दिसतंय. तुज्याकडं चार कोट हायत, तू कवा बघतीस अस्तर? ज्याच्याकडं एकच हाय त्यो रोज बघतो. शिव त्ये, न्हाईतर चुलीत घाल. देवाच्या नावानं चिंध्या धाडायच्या न्हाईत."

आणि एक नेम होता तिचा. प्रत्येक कोटाच्या उजव्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्यांचं एक बंद पुडकं घालायचं. आमच्याकडं पेपरमिंटशिवाय उपदेश ऐकायची रीत नाही. पाळकांनी पहिला मुद्दा काढला की सगळ्या चर्चभर कागद कुरकुरतो. "हिवाळ्याचा कोट म्हंजे चर्चचा कोट," काकू म्हणायची, "आन् रिकाम्या खिशानं चर्चला जायाचं म्हंजे बिनदाव्याची गाय."

त्या दिवशी शेवटचा खोका बांधून झाल्यावर ती बास्तियानला म्हणाली, "ह्या खेपंला मी बी येनार हाय."

"काकू, ट्रक हाय ह्यो. कंबर मोडंल तुमची."

"जलमभर तिपाईवर बसून गाई पिळल्या मी. तुझी शीट त्यापरास मऊच असंल."

तिचा नवरा हाउबर्ट आदल्या हिवाळ्यात गेला होता. गाई तिच्या भावानं नेल्या होत्या. घरात घड्याळाशिवाय कुणी बोलत नव्हतं. बास्तियाननं माझ्याकडं बघितलं आणि मान डोलावली.

आता काकूची एक गोष्ट आधी सांगायला हवी. आमच्या चर्चमध्ये वर्षातून चारदा प्रभूभोजन असतं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून. पुढं लांब मेज मांडतात, त्यावर पांढरीशुभ्र चादर, चांदीचे पेले, कापून ठेवलेली पावासारखी जाड भाकर. चर्च माणसांनी भरलेलं असतं. आणि पंगतीला उठतात किती? मूठभर म्हातारी माणसं. बाकीचं गाव बाकावर बसून बघतं. नालायकानं ती भाकर खाल्ली तर तो आपल्याच हातानं आपला दंड गिळतो, हे आमच्या हाडात मुरलंय. देवानं तुला आपलं म्हटल्याची खूण आधी मिळायला हवी, मग उठायचं. खूण कशी असते ते कुणी सांगत नाही. ज्याला मिळते त्याला कळतं म्हणे. काकूची आई खुणेची वाट बघत म्हातारी झाली आणि वाट बघतच गेली. हाउबर्ट शेवटी शेवटी वरच बघत पडायचा. काकूनं एकदा त्याच्या कानाशी लागून विचारलं, "काय दिसतंय का वं?" तो म्हणाला, "छत."

हे ती हसत सांगायची. पण सांगून झाल्यावर उठून उगीच चुलीपाशी जायची.

देवधर्माला ती कुठं कमी नव्हती. दरेक जेवणाआधी प्रार्थना, जेवणानंतर उपकारस्तुती, ती झाल्याशिवाय घरातलं कुणी खुर्ची सरकवायचं नाही. पण ती उपकारस्तुती काकू एक डोळा भांड्यांवर ठेवून, एका दमात म्हणून टाकायची. शेजारीण म्हणून मी कितीदा ऐकलीय. 'आमेन' आणि ताटल्या उचलल्याचा आवाज एकदमच यायचा.

काकू, बास्तियान आणि मी सालाशला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. चर्चच्या अंगणात गाव गोळा झालं होतं. त्यांचे पाळक चोंगोर पुढं आले. तरुण माणूस, पण आमची भाषा शिकला होता तो जुन्या उपदेशांच्या जाडजूड पुस्तकांतून. बोलायला लागले की आमचे पणजोबाच कबरीतून उठून बसल्यासारखं वाटायचं.

"हे भगिनींनो, आणि हे बंधो, आपला मार्ग निर्विघ्न होता काय?"

बास्तियान माझ्या कानात पुटपुटला, "निर्विघ्न व्हता म्हनावं, पर मुताया कुटं जायाचं त्ये आदी सांगा."

आम्हा दोघांची सोय पाळकांकडं झाली. काकूला मात्र समोरच्या घरातल्या पिरोश्का नावाच्या बाईनं मागून घेतलं होतं. कपडे पाठवणाऱ्या बायकांतली एक तरी आपल्या घरी राहिलीच पाहिजे, असा तिचा हट्ट. काकूच्याच वयाची विधवा, काटकुळी, डोक्याला रुमाल, एक पाय ओढत चालायची. मुलगा हंगेरीत कामाला गेलेला, त्याचा पत्ता नाही. घर म्हणजे एक खोली, एक चूल, छतापर्यंत उशा रचलेला एक पलंग, आणि आपलंच घर असल्यागत आतबाहेर करणारी कोंबडी. आम्ही आत गेलो तर तिनं पहिल्यांदा आलुबुखाराच्या दारूचा इवलासा पेला काकूच्या हातात दिला. काकूनं औषध समजून एका घोटात रिकामा केला आणि तिचे डोळे पाण्यानं भरले. पिरोश्का मांडीवर थाप मारून हसली.

"पोटातली थंडी जाती," ती म्हणाली. पाळक दुभाष्याचं काम करत होते.

"थंडी व्हती कुटं? आता आतडं बी न्हाई ऱ्हायलं," काकू खोकत म्हणाली.

मग पिरोश्कानं ट्रंकेतून एक निळा कोट काढला. काकूनं तो बघितला आणि लगेच खालच्या बटणाला हात घातला. बटण काळं, दोरा तपकिरी. "ह्यो माजाच टाका. काळा दोरा संपला व्हता त्या दिशी."

हे समजल्यावर पिरोश्का लगबगीनं उठली. मग फळीपाशी गेली, घड्याळामागं हात घालून तिनं काहीतरी काढलं आणि दोन्ही हातांनी काकूपुढं धरलं. पेपरमिंटचं पुडकं. बंद.

"तुमच्याकडनं कुनाचं तरी खिशात ऱ्हायलं व्हतं. सांबाळून ठिवलं. एक बी खाल्ली न्हाई."

"अगं बाई! ती तुलाच घातली व्हती की!"

पाळकांनी सांगितलं, पण पिरोश्काला पटेना. "मला? हिला तर माजं नाव बी ठावं नव्हतं." त्यांनी दोनदा समजावलं. मग ती मटकन पलंगावर बसली आणि हसत सुटली, रुमालाच्या टोकानं डोळे पुसत. "आख्खा हिवाळा खोकत काढला मी. रोज घड्याळामागं बघायची. आन् ती माजीच व्हती व्हय!"

कागद फोडून तिनं आम्हा सगळ्यांना एकेक गोळी दिली. पाळकांनाही.

तो ऑगस्टचा शेवटचा आठवडा. तिकडं त्या रविवारी नव्या गव्हाच्या भाकरीचं प्रभूभोजन असतं, आणि ती भाकर कुणा एका घरातून येते, उपकार मानायला म्हणून. यंदा पिरोश्कानं तो मान मागून घेतला होता. दुसऱ्यांच्या उशांसाठी पिसं निवडून देऊन तिनं पीठ मिळवलं होतं. शनिवारी सकाळी काकूनं बाह्या सारल्या आणि बटाटे सोलायला बसली, कारण तिकडं भाकरीच्या पिठात उकडलेला बटाटा घालतात. सालं इतकी पातळ की पिरोश्कानं एक उचलून उजेडाकडं धरलं आणि त्यातून माझ्याकडं बघून डोळा मिचकावला.

भाषा कुणालाच येत नव्हती, पण काम चाललं होतं. मळता मळता काकूनं छताकडं हात केला. तिथं पावसाच्या पाण्याचा मोठा डाग पडला होता. मग मला म्हणाली, "ह्या बाईकडं हाय काय गं? आन् ही उपकार कशाचं मानती?" मी म्हटलं पाळकांना विचारू. दुपारी विचारलं. पिरोश्काला प्रश्नच विचित्र वाटला. ती म्हणाली, हिवाळा गेला की. पाय हिथून चर्चपातुर जातोय. तिकडं लांब कुनीतरी बटान लावायला बसलं, त्याला म्या सांगितलं बी नव्हतं. मग तिनं काकूला विचारलं, "तू कशाचं मानतीस?"

काकू पीठ लागलेल्या हातांकडं बघत राहिली. दिवसातून तीनदा आयुष्यभर ती उपकारस्तुती म्हणत आली होती. एकही गोष्ट तिला पटकन सांगता आली नाही.

भट्टी अंगणात, मातीची. संध्याकाळी पिरोश्कानं फळी घालून भाकर बाहेर काढली तर ती कोळशासारखी काळी!

"अगं माज्या देवा, करपली की!" काकूनं दोन्ही हात गालांवर मारले, नाक आक्रसलं. "समदं वाया!"

पिरोश्कानं एकवार तिच्या तोंडाकडं बघितलं. मग एक लाकूड घेतलं आणि भाकरीला बडवायला लागली. काळं कवच खपल्याखपल्यांनी उडालं आणि आतून सोनेरी पाठ निघाली. तिकडची रीतच ती. पाळकांनी नंतर सांगितलं आणि काकू खजील होऊन हसली. पण पहिला ओरडा ओरडून झाला होता.

रविवारी चर्च भरलं. उन्हाचा नुसता कडाका, आणि पिरोश्का त्या निळ्या कोटात, वरपर्यंत बटणं लावून, कपाळावरचा घाम ओघळतोय, पण ताठ. पाळकांनी जाहीर केलं की आजची भाकर पिरोश्काच्या घरची, उपकारस्तुतीची. मग माणसं उठली. तिकडं सगळं गाव उठतं. आधी पुरुष, म्हातारे पुढं, मग बायका. मेजाभोवती उभं राहून खातात, पितात आणि परत येतात. मी आणि बास्तियान मागच्या बाकावर बसूनच राहिलो. आमच्याकडं कुणाचं लक्षही गेलं नाही. काकू मात्र पुढं, पिरोश्काशेजारी होती.

बायकांची ओळ हलली. पिरोश्कानं काकूचा कोपर धरला.

काकूनं मान हलवली.

पिरोश्काला वाटलं पाहुणी लाजतेय. तिनं हसून पुन्हा ओढलं. मला काकूचा दुसरा हात दिसत होता. बाकाची कड तिनं अशी धरली होती, जसं पुरात झाड धरावं.

"न्हाई," ती म्हणाली. हळूच म्हणाली, पण मागची ओळ थांबली होती, सगळ्यांना ऐकू गेलं.

पिरोश्कानं कोपर सोडला. पाय ओढत ती एकटी पुढं गेली, खाल्लं, प्याली, परत आली आणि काकूपासून जरा अंतर ठेवून बसली. स्तोत्र सुरू झालं तेव्हा दोघींच्या माना खाली होत्या. काकूचं पुस्तक उघडलेलंच नव्हतं.

बाहेर अंगणात पिरोश्का सरळ पाळकांकडं गेली. दोघं बराच वेळ बोलत होते. मग पाळक खाली मान घालून काकूकडं आले.

"हे भगिनी, ती विचारते आहे की तिच्या भाकरीत काय उणे होते. तुम्ही तिचे घर पाहिले, तिची कोंबडी पाहिली, भाकर करपलेली पाहिली. ती म्हणते, मी हात धुतले होते."

काकूचा चेहरा पांढरा पडला. "आवं, सांगा तिला! भाकरीचं न्हाई! माजं हाय त्ये. आमच्याकडं खात्री असल्याबिगर कुनी उठत न्हाई."

"कशाची खात्री?" पिरोश्कानं विचारलं.

"आपन देवाचं हाओत ह्याची."

"मंग तुमच्याकडं जेवतं कोन?"

"चार म्हातारी मानसं."

"आन् बाकीची?"

"बघत बसत्यात."

पिरोश्का पाळकांकडं वळून भराभर काहीतरी बोलली. ते भाषांतर करायला तयार होईनात. बास्तियान म्हणाला, "सांगा वं, शिव्या असल्या तरी सांगा."

"ती म्हणते," पाळक म्हणाले, "मग कपडे या लोकांनी आम्हाला का पाठवले? आम्ही यांना भाकर पाठवायला हवी होती."

आजूबाजूच्या बायका हसल्या. पिरोश्काही हसली, पण तोंडानंच. जिनं आपलं घर बघितलं, आपल्या बरोबरीनं बटाटे सोलले, तिनं आपल्या हातचं खाल्लं नाही, एवढंच तिच्या पदरात राहिलं होतं. बाकीचं सगळं तिला पाहुण्यांनी दिलेली सबब वाटली असणार. वाटली की नाही, हे आता कधीच कळायचं नाही. काकूला पुढं तेच खात राहिलं.

सोमवारी पहाटे निघालो. पिरोश्का फाटकाशी आली. गळामिठी झाली, पण घाईघाईची. तिनं काकूच्या हातात रुमालात बांधलेलं काहीतरी ठेवलं. कालच्याच भाकरीची कड.

"वाटंत भूक लागली तर," पाळकांनी सांगितलं. मग जरा अडखळले. "आणि खायची नसेल तर पाखरांना घाला, असे म्हणते."

सरहद्दीवर ट्रकांची लांबच लांब रांग होती. ऊन नुकतं वर येत होतं. बास्तियाननं थर्मासमधली कॉफी ओतली. काकूनं मांडीवरचा रुमाल सोडला. भाकरीच्या पाठीवर एका ठिकाणी काळी खपली राहिली होती. ती नखानं काढायला गेली आणि थांबली.

"ही मेजावरची न्हवं? त्येच्यातलीच?" तिनं मला विचारलं.

"त्याच भाकरीची कड हाय, काकू."

तिनं एक तुकडा मोडला. खपलीसकट तोंडात घातला. सावकाश चावला. बटाटा तिनंच सोललेला, पीठ तिनंच मळलेलं. मग दुसरा तुकडा. गालांवरून पाणी ओघळायला लागलं, पण ती चावतच राहिली. आम्ही दोघं समोरच्या ट्रकाच्या मागच्या दिव्यांकडं बघत बसलो, कारण आमच्याकडं रडणाऱ्याकडं बघत नाहीत.

सगळी कड संपली. रुमालातले कण तिनं बोटानं टिपले. मग हात जोडले, आणि नेहमीची उपकारस्तुती आलीच नाही. मग म्हणाली, "हिवाळा गेला, देवा. हाउबर्ट गेला, पर मी ऱ्हायले. पिरोश्कानं मला भाकर दिली." एवढंच. आमेनसुद्धा तिला सुचलं नाही; ते बास्तियाननं म्हटलं.

"पेपरमिंटागत केलं गं मी," जरा वेळानं ती मला म्हणाली. "माज्याच खिशात व्हतं. दुसऱ्याचं म्हनून ठिवलं घड्याळामागं."

आणि मग एकदम, "बास्तियान, गाडी फिरव."

"काय?"

"फिरव म्हनते. तिच्या म्होरं खायाचं हाय मला."

"काकू, येडं लागलं का? मागं ट्रक, म्होरं ट्रक. सायकल हाय व्हय ही? आन् भाकर बी संपली की तुमची."

ती आरशात मागं बघत राहिली. रांग पुढं सरकली आणि बास्तियाननं गाडी पुढं घेतली. चूक त्याची नव्हती. त्या जागी कुणीही तेच केलं असतं.

"मंग पुढच्या ऑगस्टला," काकू म्हणाली.

त्या हिवाळ्यात मी तिला जेवताना बघितलं. आता ती जेवल्यावर हात जोडायची आणि कॉफी निवून जायची. कधी चर भरल्याचे उपकार मानायची, कधी गुडघा दुखायचा थांबला त्याचे, एकदा तर माझं नाव घेतलं आणि मी खाली बघितलं. मी म्हटलं, पाळकांना फोन लावून पिरोश्काला सांगू या का, की तुम्ही भाकर खाल्ली?

"सांगायचं न्हाई गं. खाऊन दावायचंय. फोनवर खाता येतंय का?"

"मग हितं तरी उठा. पुढच्या महिन्यात मेज हाय."

"आदी तिच्या म्होरं. तिचा हात झिडकारलाय मी. मंग हितं."

आयुष्यभर खुणेसाठी थांबली होती. आता ऑगस्टसाठी थांबली. थांबायची सवय आमच्या रक्तातच आहे. काही न करता बसलं की ते आम्हाला नम्रपणा वाटतो.

मार्चमध्ये चोंगोर पाळकांचा फोन आमच्याच घरी आला. पिरोश्का छातीत कफ होऊन गेली होती. आठवडा झाला होता. मी लाकडी जोडे घातले आणि कोठारात गेले. काकू खोके रचत होती. मी सांगितलं. तिनं हातातला खोका खाली ठेवला, आणि बराच वेळ त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"निळा कोट घालून पुरली का तिला?"

"न्हाई. शेजारणीला दिऊन गेली म्हनं."

"बरं केलं," काकू म्हणाली. "चांगला कोट मातीत घालायचा नसतो." आणि खोक्यांच्या पलीकडं, भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मी तिथंच उभी राहिले. तिनं जा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही.

वसंतातल्या प्रभूभोजनाच्या रविवारी ती नेहमीच्या बाकावर होती, माझ्या पुढंच. काळी टोपी, काळे मोजे. मेजावर पांढरी चादर. तिचा भाऊ मार्टन मंडळीच्या पंचांतला एक, तो मेजाशी उभा होता. म्हातारी मंडळी उठायला लागली. मग काकू उठली. सगळ्या चर्चभर चाललेला कागदांचा कुरकुराट बंद पडला. मधल्या वाटेनं तिच्या टाचांचा आवाज येत होता. मार्टननं बहिणीकडं बघितलं आणि ताटलीवरचा हात क्षणभर तसाच राहिला. ती मेजाशी बसली. भाकर पुढं आली. तिनं घेतली, खाल्ली.

परत आली तेव्हा चेहऱ्यावर उजेडबिजेड काही नव्हता. दुसऱ्याच्या घरचं राहिलेलं भांडं परत करायला गेलं आणि दाराला कुलूप दिसलं, तसा चेहरा होता.

कॉफीला मार्टन तिच्या घरी आला. मीही होते. बिस्किटाचा डबा उघडला, एकेक दिलं, बंद झाला. मार्टन बिनसाखरेची कॉफी चमच्यानं ढवळत बसला.

"डिर्क्ये," तो शेवटी म्हणाला, "मंग खूण मिळाली म्हनायची का तुला?"

"मिळाली व्हती."

"कवा?"

"गेल्या ऑगस्टात. करपलीय म्हनून म्या नाक मुरडलं."

मार्टनला काही कळलं नाही. त्यानं घसा खाकरला. "आई असती आज, तर..."

"आई भुकेलीच गेली, मार्टन. हाउबर्ट बी. मी बी पंगत उठल्यावर जेवले." तिनं त्याचा पेला ओढून घेतला. "कॉफी निवली तुझी. दुसरी वतते."

सोमवारी भुरभुर पाऊस होता. कोठारात आम्ही दोघीच. कुणाच्या तरी घरून कोटांचा ढीग आला होता. काकू खिडकीपाशी बसून एका काळ्या कोटाला बटण लावत होती, तपकिरी दोऱ्यानं.

"ऑगस्टला येनार न्हवं सालाशला?" मी विचारलं.

"जागा असंल तर यीन. शेजारणीला बघीन. कोट कसा बसलाय तिला त्ये बघीन." दोरा दातानं तोडला. "पर जिला दावायचं व्हतं ती बगनार न्हाई. त्ये ऱ्हायलं त्ये ऱ्हायलंच."

मग तिनं पेपरमिंटचं पुडकं उचललं, आणि खिशात घालायच्या आधी नखानं त्याचं टोक फाडलं. दोन पांढऱ्या गोळ्या बाहेर डोकावल्या.

"काकू, फोडू नका. उष्टी वाटंल कुनाला तरी."

"वाटू दे. उघडं दिसलं की खातील. बंद दिसलं की दुसऱ्याचं म्हनून जपून ठिवतील." तिनं ते खिशात सारलं आणि वरून थापटलं. "बघत काय बसलीस? तो खोका सरकव हिकडं."

मी खोका सरकवला. तिनं पुढचा कोट मांडीवर घेतला आणि अस्तर उलटून बघायला लागली.